पावती वजनाची, रीडिंग मीटरचं

पहाटे पावणेसहा

आरोग्य कोठीवर सोमवारी पहाटे नेहमीपेक्षा जास्त लगबग असते. रविवारी अर्ध्या गाड्या निघत नाहीत, म्हणून सोमवारी शहर दोन दिवसांचा कचरा एकदम बाहेर काढतं, आणि त्यात रविवारचं जेवण असतं. रात्रभर पाऊस पडून गेला होता. मुकादम हजेरी घेत होते, बायका गमबूट शोधत होत्या, घंटागाड्यांचे ड्रायव्हर चहा पीत उभे होते. मी वही काढून गाड्यांचे नंबर आणि त्या कुठल्या रूटवर चालल्या आहेत एवढंच लिहून घेतलं.

माझी नोकरी मीटर टेस्टिंगची. आधी वीज मंडळ, पुढे २००५ मध्ये मंडळाच्या कंपन्या झाल्यावर महावितरण. सील बघायचं, सीटी (करंट ट्रान्सफॉर्मर) तपासायचा, लोड लावून मीटर खरं बोलतंय की नाही याची खात्री करायची. निवृत्तीनंतर आमच्या महापालिकेच्या बायोगॅस प्रकल्पांचे आकडे वर्तमानपत्रात वाचले. ओल्या कचऱ्यापासून इतकी वीज, तेवढे पथदिवे. ते आकडे मला पटेनात. तेव्हापासून ते तपासणं हे माझं काम आहे. पगार नाही, पण तास ठरलेले आहेत, आणि सोमवार हा त्यातला सगळ्यात लांब दिवस.

हा सोमवार जून २०२५ मधला. जूनला महत्त्व अशासाठी, की तेव्हा लागू असलेल्या घनकचरा व्यवस्थापन नियम, २०१६ प्रमाणे प्रत्येक महापालिकेनं आपला वार्षिक अहवाल, म्हणजे नमुना ४, ३० जूनपर्यंत राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाला द्यायचा असायचा. त्याआधी ३० एप्रिलपर्यंत प्रकल्प चालवणाऱ्या ठेकेदारानं नमुना ३ मध्ये आपले आकडे महापालिकेला दिलेले असायचे. राज्य मंडळ ३१ जुलैपर्यंत सगळ्या शहरांचे आकडे एकत्र करून केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे पाठवायचं. या कोठीवरून निघालेल्या गाडीचं वजन अशा पायऱ्या चढत देशाच्या अहवालात जातं. चढताना ते कुणी पुन्हा तोलत नाही. पहिल्या पायरीवर जे लिहिलं तेच शेवटच्या पायरीवर छापलं जातं. म्हणून मी पहिल्या पायरीवर जाऊन उभी राहते.

सकाळी सात

कचरा गोळा करणाऱ्या मावशींच्या मागे मागे एका मोठ्या सोसायटीत गेले. पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीतून उभी राहिलेली ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची स्वतःची सहकारी संस्था २००८ पासून महापालिकेशी करार करून दारोदार कचरा गोळा करते. आमच्याकडे तशी संस्था नाही. इथल्या मावशी ठेकेदाराच्या हजेरीपटावर आहेत, आणि ठेकेदार बदलला की त्यांचं सगळं पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं.

मावशींनी पार्किंगमध्ये प्लास्टिकचा कागद अंथरला आणि ओल्याच्या बादल्या एकेक करून उपड्या केल्या. सालं, देठं, चहाचा चोथा, अंड्यांची टरफलं. मग कालची बिर्याणी, पिशवीसकट. डायपर. दुधाच्या पिशव्या. पोळ्यांची चळत, एकीला हात न लागलेली.

“अशा रोज निघतात का हो?” मी विचारलं.

“रोज. सणाच्या दुसऱ्या दिवशी तर विचारू नका ताई. पुरणपोळी टाकलेली बघून हात चालत नाही.”

संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमानं २०२४ मध्ये काढलेल्या अहवालात भारतातल्या घरांमधून माणशी वर्षाला ५५ किलो अन्न वाया जातं असा अंदाज आहे. त्यात सालं-हाडंही धरलेली आहेत. चार माणसांच्या घरात वर्षाला २२० किलो, दिवसाला सहाशे ग्रॅम. २०३० पर्यंत ही नासाडी निम्म्यावर आणायची असं शाश्वत विकासाच्या उद्दिष्टांत आपल्या देशानं मान्य केलेलं आहे. पण माझ्या शहरात हे उद्दिष्ट कुणाच्या टेबलावर आहे? आरोग्य विभागाला विचारलं तर ते घनकचऱ्याकडे बोट दाखवतात, घनकचरा विभाग म्हणतो आमचं काम उचलण्याचं. मावशींना मात्र कुठल्या मजल्यावर किती पोळ्या निघतात हे तोंडपाठ आहे.

बादलीत जे निघतं ते दोन ढिगांत टाकायला मावशींना एका घरामागे मिळतो जेमतेम मिनिटभर. पुढे प्रकल्पात गॅस किती होणार, हे त्या मिनिटात ठरतं. प्लास्टिक गेलं की क्रशर अडकतो, फिनेल गेलं की डायजेस्टरमधले जिवाणू मरतात. शहराच्या ऊर्जेचं सगळ्यात कमी पैशांत होणारं आणि सगळ्यात महत्त्वाचं काम इथे, ओल्या पार्किंगमध्ये, हातमोज्यांशिवाय चाललेलं असतं. हातमोजे टेंडरमध्ये आहेत. मी ते कलम वाचलेलं आहे.

सव्वानऊ

हॉटेलांच्या गाडीबरोबर अर्धा तास. रोज शंभर किलोंपेक्षा जास्त कचरा करणारे सगळे नियमांच्या भाषेत मोठे कचरा उत्पादक: हॉटेलं, मंगल कार्यालयं, वसतिगृहं. त्यांनी कचरा वेगळा करून द्यायचा, आणि शक्य तिथे ओल्याची विल्हेवाट जागच्या जागी लावायची. त्या दिवशी एका कार्यालयातून भाताची तीन पिंपं निघाली. उरलेलं चांगलं अन्न गरजूंपर्यंत कसं पोचवायचं याचे नियम अन्न सुरक्षा प्राधिकरणानं २०१९ मध्ये केलेले आहेत. कार्यालयाच्या व्यवस्थापकानं त्यांचं नावही ऐकलेलं नव्हतं, आणि त्याला ते कुणी सांगितलं नव्हतं. माणूस भला होता. “फोन नंबर द्या मॅडम, पुढच्या लग्नाला बोलावतो,” म्हणाला. दिला.

दहा वाजता, प्रकल्प

पाच टन क्षमतेचा बायोगॅस प्रकल्प म्हणजे फार मोठं प्रकरण नसतं. एक शेड, दोन टाक्या, गॅस साठवायचा एक फुगा आणि त्या गॅसवर वीज करणारा एक जनसेट. महाराष्ट्राला हे तंत्र परकंही नाही. भाभा अणुसंशोधन केंद्रात डॉ. शरद काळे यांनी ‘निसर्गऋण’ प्रकल्प विकसित केला. त्यात कचरा आधी गरम पाण्यात, हवा खेळवून थोडा पचवून घेतात आणि मग मुख्य टाकीत सोडतात. पुण्याच्या आरती संस्थेत डॉ. आनंद कर्वे यांनी शेणाऐवजी खरकट्यावर चालणारं घरगुती संयंत्र केलं, त्याला २००६ मध्ये ॲशडेन पुरस्कार मिळाला. म्हणजे पिठूळ, शिळं अन्न किती गॅस देतं हे आपल्याकडे वीस वर्षांपूर्वी नीट माहीत झालेलं आहे.

गाडी आली, काट्यावर चढली, पावती निघाली. काटा चोख होता, त्यावर वैधमापनवाल्यांचा शिक्का ताजा होता. पण रात्रभराच्या पावसात भिजलेला कचरा काट्यावर चढला की पाणीही तोललं जातं. ठेकेदाराला पैसे मिळतात टनावर. जून ते सप्टेंबर महापालिका पावसाच्या पाण्याचेही पैसे मोजते. यात ठेकेदाराची लबाडी नाही, करार लिहिणाऱ्याच्या डोक्यात पावसाळाच नव्हता.

सेग्रिगेशन टेबलावर दोन बायका आणि एक मुलगा. पट्ट्यावरून येणाऱ्या ढिगातून ते प्लास्टिक, नारळाच्या करवंट्या, चमचे काढत होते. काढलेला माल शेडच्या मागे टाकतात, त्याला रिजेक्ट म्हणतात. रिजेक्टचा ढीग खांद्याएवढा होता. तो पावतीत आधीच मोजलेला असतो. म्हणजे पाच टन आत आले, त्यातले दीड-दोन टन टाकीत गेलेच नाहीत, तरी कागदावर पाच टनांवर ‘प्रक्रिया’ झाली.

मी सरळ जनसेटकडे गेले. माझं सगळं लक्ष तिथे असतं.

जनसेट बंद होता. ऑपरेटर तरुण मुलगा, मराठवाड्यातला, कामाची जाण असलेला. त्यानं काही लपवलं नाही. “मॅडम, स्क्रबर भरलाय. नवीन मीडिया मागवलाय, आला नाही. तसाच चालवला तर हायड्रोजन सल्फाइड इंजिन खाऊन टाकतो. मागच्या वर्षी तसंच झालं.”

“मग गॅसचं काय करतोस?”

त्यानं फुग्याकडे पाहिलं. “फुगा भरला की व्हॉल्व्ह उघडतो.”

“फ्लेअरवर जाळत नाहीस?”

“पेटत नाही. इग्निशन गेलंय.”

हे ऐकलं की माझ्या पोटात गोळा येतो. मिथेन हवेत गेला तर शंभर वर्षांच्या हिशेबानं तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे अठ्ठावीस पट उष्णता धरून ठेवतो. हाच ओला कचरा साध्या खताच्या खड्ड्यात, हवा लागेल असा पसरला असता, तर त्यातून मिथेन फारसा झालाच नसता. आपण पैसे खर्च करून, बंद टाकीत, शास्त्रशुद्ध पद्धतीनं मिथेन तयार केला आणि सोडून दिला. आणि वार्षिक अहवालात हा प्रकल्प हरित ऊर्जेच्या रकान्यात आहे.

मीटरचं रीडिंग घेतलं. फोटो काढला, सीलचा नंबर लिहिला, सीटीचं गुणोत्तर बघितलं. मागच्या महिन्याच्या नोंदीतून वजाबाकी केली, गुणक लावला. आता हिशेब बघा. नीट वेगळा केलेला एक टन ओला कचरा साधारण ७० ते १०० घनमीटर बायोगॅस देतो. एका घनमीटरमागे असा लहान जनसेट दीड युनिटच्या आसपास वीज काढतो. पाच टनांना रोज सव्वापाचशे ते साडेसातशे युनिट व्हायला हवेत. माझी वजाबाकी या खालच्या आकड्याच्या पावपटीलाही पोचत नव्हती. कचऱ्याच्या नोंदवहीत मात्र रोज पाच टन. पाच, पाच, पाच. रविवारीही पाच, जेव्हा कोठीवरून अर्ध्या गाड्या निघत नाहीत.

यापेक्षा मोठा पुरावा मला लागत नाही. माझ्या नोकरीत चोरी पकडायची पद्धत हीच होती: आत गेलेली वीज आणि बाहेर बिल झालेली वीज शेजारी शेजारी मांडायची. मधला फरक आपोआप बोलू लागतो.

फाटकावर शेजारच्या इमारतीतले एक आजोबा भेटले. वासाची तक्रार घेऊन ते इथे नेहमी येतात. त्यांच्याबद्दल अधिकारी वैतागून बोलतात, मला ते पटत नाही. पुण्यात बाणेरच्या कचरा प्रकल्पाविरुद्ध तिथले रहिवासी हरित न्यायाधिकरणात गेले, न्यायाधिकरणानं २०२० मध्ये तो बंद करायला सांगितलं, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो आदेश रद्द केला. न्यायालयाचं म्हणणं बरोबरच आहे. शहराच्या कचऱ्याची सोय शहरातच व्हायला हवी, नाहीतर तो कुठल्यातरी उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या माथी जातो, आणि त्या गावांनी पुण्याच्या गाड्या का अडवल्या हे सगळ्यांना माहीत आहे. पण मग शहरात राहणाऱ्या माणसाला प्रकल्प सोसायला सांगताना तो खरंच चालतोय हे दाखवणं सरकार देणं लागतं. वास रिजेक्टचा येत होता. आजोबांना मी ढीग दाखवला, त्यांनी फोटो काढला.

बारा

सुक्याची शेड. इथे फार थांबले नाही. पुठ्ठा, पेट बाटल्या, काच यांना भाव आहे, ते भंगारवाल्यांच्या साखळीतून आपोआप जातं. त्या साखळीला सरकारनं कधी मदत केली नाही आणि तिच्याच जिवावर पुनर्प्रक्रियेची टक्केवारी उभी आहे. भाव नाही तो बहुस्तरीय वेष्टनांना, वेफर्सच्या आणि शाम्पूच्या पुड्यांना. ते गठ्ठे सिमेंट कारखान्यात जाळायला जातात. वेष्टनं बनवणाऱ्या कंपन्यांवर ती परत गोळा करण्याची जबाबदारी २०२२ पासून घातलेली आहे, आणि ती पाळल्याची प्रमाणपत्रं विकत मिळतात. २०२३ मध्ये केंद्रीय मंडळाच्या तपासणीत सुमारे सहा लाख प्रमाणपत्रं खोटी निघाली. रोग तोच. प्रमाणपत्र छापलं गेलं, पुनर्प्रक्रियेतून प्लास्टिकचे दाणे किती पडले ते कुणी तोललं नाही.

एक

बसस्टॉपच्या शेडमध्ये डबा खाल्ला. वहीतले आकडे स्वच्छ उतरवले.

तीन ते पाच, महापालिका

दर सोमवारी तीन ते पाच या वेळात नागरिकांना महापालिकेच्या फायली बघू द्यायच्या, ही पद्धत पुण्यात रुजली आणि २०१८ मध्ये राज्य सरकारनं परिपत्रक काढून ती इतरत्रही लागू केली. मला ही सरकारची सगळ्यात चांगली सवय वाटते. माहिती अधिकार कायदा, २००५ मध्ये कलम २(ञ) आहे. त्यात कागद बघण्याबरोबर चाललेलं काम बघण्याचा आणि वस्तूचे प्रमाणित नमुने घेण्याचाही हक्क दिलेला आहे. फार लोक तो वापरत नाहीत.

लिपिक बाईंनी फायली काढून ठेवल्या होत्या. पंखा माझ्या बाजूला फिरवून दिला. मी आधी टनांची फाईल मागते: काट्याच्या पावत्या, मासिक देयकं. मग लॉगबुक. मग पत्रव्यवहार, आणि पत्रव्यवहार मी सगळ्यात सावकाश वाचते.

देयकाच्या फाईलमध्ये सगळं जुळत होतं. पावत्या, बेरीज, सह्या, लेखापालाची टिपणी. या फाईलमध्ये दोष काढताच येत नाही, कारण ती फक्त वजनाचीच आहे. करारनाम्यात दंडाचं कलम आहे: ठरलेल्या क्षमतेपेक्षा कमी वीज झाली तर इतकी कपात. कपातीचा रकाना महिन्यांमागून महिने कोरा. तो कोरा असण्याचं कारण मला दुसऱ्या मजल्यावर सापडलं. विजेचं रीडिंग घनकचरा विभागाकडे येतच नाही. ते विद्युत विभागाकडे जातं. तिथे ते कुठल्याशा वहीत उतरतं. आणि प्रकल्पाचे क्रशर, पंप, ब्लोअर चालवायला महावितरणकडून जी वीज घेतली जाते, तिचं बिलही विद्युत विभाग भरतो. तीन आकडे आहेत: आत गेलेलं वजन, तयार झालेली वीज, खाल्लेली वीज. ते तीन वेगवेगळ्या कपाटांत आहेत आणि एकाही माणसाच्या कामाच्या यादीत ते एका कागदावर मांडणं नाही.

मी ते एका कागदावर मांडले. काही महिन्यांत प्रकल्पानं जितकी वीज दिली त्याहून जास्त खाल्ली होती.

लिपिक बाई माझ्या खांद्यावरून बघत होत्या. “बाप रे,” म्हणाल्या. “हे साहेबांना माहीत असेल का?”

बहुधा नसेल. मला याचाच राग येतो. कुणी फाईल दडवली असती तर भांडता आलं असतं. इथे प्रत्येकानं आपापलं काम नियमाप्रमाणे केलंय, सही केलीय, आणि बेरीज कुणाचीच नाही.

मग पत्रव्यवहार वाचला आणि त्यात ठेकेदाराची पत्रं निघाली. एकामागून एक. ‘येणाऱ्या कचऱ्यात प्लास्टिक, माती व डेब्रिजचे प्रमाण जास्त आहे.’ ‘हॉटेलची गाडी नियमित येत नाही, तिच्याऐवजी मिश्र कचऱ्याचा कॉम्पॅक्टर येतो.’ ‘मागील देयके प्रलंबित असल्याने सुटे भाग घेता आलेले नाहीत.’ संयुक्त पाहणीची विनंती. पाहणी झाल्याची नोंद नाही. उत्तराची प्रत नाही. ठेकेदाराला चोर ठरवणं सोपं असतं आणि सभेत टाळ्याही मिळतात. पण करारात महापालिकेनं वेगळा केलेला ओला कचरा द्यायचा असं लिहिलं आहे, आणि ते महापालिकेनं पाळलेलं नाही. जनसेटचा स्क्रबर सकाळी का भरलेला होता, याचं निम्मं उत्तर या पत्रांत होतं.

दोन रुपये पानाप्रमाणे प्रती घेतल्या. पावती घेतली.

देशाच्या पातळीवरही हाच खेळ आहे. केंद्रीय मंडळाच्या २०२०-२१ च्या अहवालात भारतात रोज १,६०,०३९ टन कचरा निर्माण होतो असं म्हटलंय. त्यातल्या ७९,९५६ टनांवर प्रक्रिया, २९,४२७ टन भरावाला. उरतात सुमारे ५०,६५५ टन. रोज. त्यांचं काय झालं ते कुणाला सांगता आलेलं नाही. आणि मी जेव्हा आमच्या प्रकल्पासारखे ‘पाच, पाच, पाच’ बघते, तेव्हा प्रक्रिया झाल्याच्या त्या ऐंशी हजार टनांवर तरी किती भरवसा ठेवायचा हा प्रश्न पडतो. सप्टेंबर २०२२ मध्ये हरित न्यायाधिकरणानं सांडपाणी आणि घनकचरा यांच्या दुरवस्थेबद्दल महाराष्ट्राला १२,००० कोटी रुपयांची भरपाई लावली. एवढी मोठी रक्कम ऐकून माणूस सुन्न होतो आणि पुढच्या बातमीकडे वळतो. एका प्रकल्पाची दंडाची कोरी राहिलेली ओळ मला त्याहून जास्त काही सांगते.

साडेपाच

उपअभियंत्यांच्या केबिनमध्ये दहा मिनिटं मिळाली. पिचलेली माणसं असतात या खात्यात. सकाळी सहाला फोन सुरू होतो तो रात्री अकरापर्यंत. त्यांनी माझा कागद पूर्ण वाचला. बराच वेळ वाचला.

“मॅडम, तुम्ही लिहिलंय ते बरोबर आहे,” ते म्हणाले. “पण मला वरून विचारतात, आज किती टन उचलला, किती टन प्रोसेस झाला. स्वच्छ सर्वेक्षणाची टीम तेच विचारते, प्रदूषण मंडळ तेच विचारतं. युनिट किती झाले, हे आजवर मला एकानंही विचारलेलं नाही. तुम्ही पहिल्या.”

पूर्वी निदान नगरसेवक मुख्य सभेत प्रश्न टाकायचे, लेखी उत्तर द्यावं लागायचं. २०२२ मध्ये मुदत संपल्यापासून पुण्या-मुंबईसह किती तरी महापालिका तेव्हा प्रशासकांच्या हाती होत्या, आमचीही. स्थायी समितीचे अधिकारही त्यांनाच होते, आणि आयुक्तही तेच होते. मंजुरी मागणारा आणि देणारा एकच माणूस असेल तर प्रश्न कोण विचारणार?

मी त्यांना इंदूरचं सांगितलं. तिथे फेब्रुवारी २०२२ मध्ये ५५० टनांचा प्रकल्प सुरू झाला, रोज १७,००० किलो बायो-सीएनजीच्या क्षमतेचा. म्हणजे टनामागे सुमारे ३१ किलो. महत्त्वाचं हे, की तिथे महापालिका ठेकेदाराला टनाचे पैसे देत नाही. उलट कंपनी महापालिकेला वर्षाला अडीच कोटी देते, कारण तिची कमाई गॅसमध्ये आहे. गॅस झाला नाही तर कंपनी बुडते, म्हणून ती घाण कचरा परत पाठवते, म्हणून शहराला घरोघरी कचरा वेगळा करून घ्यावाच लागतो. आमच्याकडे कचरा जितका घाण आणि ओला, तितकं वजन जास्त, तितके पैसे जास्त.

“इंदूरसारखं इथे व्हायला वेळ लागेल,” ते म्हणाले. ते खरं आहे. पाच टनांच्या प्रकल्पाला तो करार तसाच्या तसा लावताही येणार नाही. एवढ्याशा गॅसवर पगार निघत नाहीत, काही पैसे महापालिकेला द्यावेच लागतील. मी म्हटलं, पैसे द्या, पण निम्मे फाटकावर आणि निम्मे मीटरवर द्या.

त्यांच्या टेबलावर नव्या, मोठ्या सीबीजी (दाबाखाली भरलेला बायोगॅस) प्रकल्पाचा प्रस्ताव होता. केंद्राची ‘सतत’ योजना ऑक्टोबर २०१८ मध्ये आली, तेव्हा २०२३ पर्यंत पाच हजार प्रकल्प आणि वर्षाला दीड कोटी टन गॅस असं लक्ष्य जाहीर झालं होतं. मुदत उलटली तेव्हा त्यातला अगदी छोटा तुकडा उभा होता, आणि लक्ष्य का हुकलं याचा हिशेब कुणी जनतेसमोर ठेवला नाही. आता शहरी गॅस कंपन्यांना आपल्या गॅसमध्ये असा गॅस मिसळणं बंधनकारक केलंय, २०२५-२६ ला एक टक्का, २०२८-२९ पासून पाच टक्के. या धोरणाकडून मला आशा आहे. गॅस विकत घेणारा आला की तो मीटरवरच पैसे मोजतो. पण मग नवा करार करताना जुन्या पाच टनांच्या प्रकल्पांचं काय झालं, हे प्रस्तावाच्या पहिल्या पानावर असायला हवं. मी पहिलं पान वाचलं. नव्हतं.

रात्री नऊ

पत्र लिहायला बसले. एक आयुक्तांना, एक प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रादेशिक अधिकाऱ्यांना. ३० जूनच्या आत पोचायला हवं, कारण एकदा नमुना ४ पुढे गेला की तो परत येत नाही.

पत्रात आरोप घातला नाही. रीडिंग, तारीख, सीलचा नंबर, फोटो, पावत्यांच्या प्रती, विजेच्या बिलांच्या प्रती. मग मागण्या. नमुना ४ मध्ये प्रक्रिया झालेल्या कचऱ्याचा आकडा भरताना रिजेक्टचं वजन वजा करा. प्रत्येक प्रकल्पाचं आत आलेलं वजन, तयार झालेली वीज आणि वापरलेली वीज दर महिन्याला एकाच तक्त्यात संकेतस्थळावर टाका. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ प्रमाणे हे न मागताच द्यायचं असतं. तक्त्याखाली एका अधिकाऱ्याचं नाव आणि पद लिहा. फ्लेअर दुरुस्त होईपर्यंत त्या प्रकल्पात कचरा पाठवू नका, खताच्या शेडला पाठवा. कचरा वेगळा करणाऱ्या बायकांचे हातमोजे आणि गमबूट ठेकेदाराच्या देयकाला जोडलेल्या पावतीवर दिसू द्या. पावती नसेल तर तेवढी रक्कम कापा आणि थेट त्यांना द्या.

हॉटेलच्या गाडीचं वेळापत्रक हा मुद्दा वेगळा काढला, कारण तो महापालिकेच्या अखत्यारीतला आहे आणि एका आठवड्यात सुटू शकतो. त्यासाठी ना नवा करार लागतो, ना दिल्लीची योजना.

शेवटी प्रतींची यादी केली. उपअभियंता, विद्युत विभाग, शेजारच्या सोसायटीचे अध्यक्ष. आणि एक प्रत ठेकेदाराला, त्याच्या पत्रांच्या तारखांसह, कारण मिश्र कचऱ्याबद्दलचं त्याचं म्हणणं खरं आहे आणि त्या पत्रांना महापालिकेनं अजून उत्तर दिलेलं नाही.